तीस पानांचा टोल

प्रश्न

नमस्कार ताई,

पत्र जरा पसरट होणार आहे, आधीच सांगते. लहानपणापासून माझी ओळख 'सदा पुस्तकात डोकं खुपसून बसलेली' अशीच आहे. आता चाळिशी जवळ आली. नोकरी, घर, सासूबाईंची औषधं, सगळं आटोपून रात्री साडेनऊनंतरचा वेळ तेवढा माझा. आणि त्या वेळात मी चक्क गेम खेळते! लॅपटॉपवर एक मोठा, गोष्टीचा गेम आहे. ओसाड बेट, बंद पडलेलं दीपगृह आणि ते राखणाऱ्या म्हातारीच्या जागोजागी लपवलेल्या चिठ्ठ्या. (आवडलेल्या चिठ्ठ्या मी वहीत उतरवून घेते, हसू नका.) शिवाय फोनवर रंगीत गोट्या जुळवायचा एक गेम. तो कधी उघडते आणि साडेअकरा कधी वाजतात, कळत नाही.

अपराधी वाटू नये म्हणून नियम केला, आधी ३० पानं, मग गेम. पण एका जाडजूड इंग्रजी कादंबरीच्या पान २१२ वर मी सहा महिने अडकले आहे. आमचा पाच मैत्रिणींचा वाचनगट आहे. त्यातल्या एकीची यंदा ६० पुस्तकं झाली. माझी चार, त्यातली दोन तर भांडी घासताना ऐकलेली. ऐकलेलं धरायचं का हो? गेमचं त्यांच्याजवळ बोललेले नाही. नवरा म्हणतो, "खेळ की बिनधास्त, तुला कोण विचारतंय?" पण मला आतून बरं वाटत नाही. गेम काढून टाकू का? मी अजून वाचक आहे का? आणि हो, दहा वर्षांचा भाचा सुट्टीत येतोय. पुस्तक म्हटलं की त्याला झोप येते. त्यालाही हाच नियम लावावा का?

— पान २१२

उत्तर

प्रिय 'पान २१२',

भाच्याचा प्रश्न तुम्ही दारातून निघता निघता विचारल्यासारखा विचारलाय. मी मात्र आधी तोच घेते, कारण तुमच्या बाकीच्या पत्राची गाठ तिथेच सुटते.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर झकास रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना आधी काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्रक हातात दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. मग थोडे दिवस जाऊ दिले आणि वर्गात स्केचपेन पुन्हा मांडून ठेवले, बक्षिसाचा विषयही न काढता. कबूल केलेल्या बक्षिसासाठी ज्यांनी चित्रं काढली होती, ती मुलं आता पेनांकडे इतरांपेक्षा बरीच कमी फिरकली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे बक्षीस बिचारं निर्दोष. घात केला तो 'हे केलंस तर ते मिळेल' या सौद्याने.

आता भाच्याला "आधी वाच, मग गेम" म्हणा, की त्याला न सांगता दोन गोष्टी कळतील. वाचन ही सोसायची गोष्ट आहे आणि गेम ही मिळवायची. तो डोळे ओळींवरून फिरवेल आणि कान घड्याळाकडे लावेल. महिनाभरात पुस्तक त्याच्या मनातून पुरतं उतरेल, आणि वाईट म्हणजे त्याला वाटेल की पुस्तकंच कंटाळवाणी असतात. तेव्हा त्याच्या बाबतीत उत्तर साधं आहे, नियम लावू नका. त्याला त्याचा गेम तुम्हाला दाखवू दे, त्यातलं काय आवडतं ते विचारा, आणि तुमच्या गेममधल्या चिठ्ठ्या त्याला मोठ्याने वाचायला लावा. ज्यात पानाच्या शेवटी 'उजवीकडच्या दारातून जायचं तर अमुक पान उघडा' असं असतं, तसली पुस्तकंही मिळतात. मिळालं तर एखादं नुसतं पडू द्या घरात. हातात देऊ नका, आणि "वाचलंस का?" म्हणून तर मुळीच विचारू नका.

आणि आता तुमच्याकडे वळते. हाच सौदा तुम्ही स्वतःशी सहा महिने करताय! लहानपणी जिच्या हातून पुस्तक ओढून घ्यावं लागायचं, ती बाई आता ३० पानांचा टोल भरून पुढे जाते. टोलनाक्यावर रमलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय?

टोल किती जबर आहे तेही बघू. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये वाचनवेगावरचे १९० अभ्यास एकत्र करून आकडा काढला. इंग्रजी कथा-कादंबरी मनात वाचताना प्रौढ माणसाचा वेग मिनिटाला साधारण २६० शब्द पडतो. पानावर ३०० शब्द धरले तर ३० पानांना ३५ मिनिटं झाली. हा आकडा ज्यांची इंग्रजी मातृभाषा आहे त्यांचा. तुम्हा-आम्हाला थोडं जास्त लागणार, म्हणजे पाऊण तास. दिवसभराच्या राबण्यानंतर, साडेनऊला, जाडजूड कादंबरी, पाऊण तास, आणि समोर बेट वाट बघतंय. कुणालाही २१२ वर झोप येईल. यात तुमच्यातला वाचक मेल्याचं कसलंच लक्षण मला दिसत नाही. वेळ चुकीची आहे, पुस्तक चुकीचं आहे आणि हेतू तर सगळ्यात चुकीचा आहे.

तेव्हा पहिलं काम, नियम मोडा. शिथिल करू नका, '१५ पानं' असा सुधारितही करू नका, मोडाच.

दुसरं, ती कादंबरी घरात नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवा. ग्रंथालयाची असेल तर परत करा, कुणाची असेल तर देऊन टाका. 'थोडे दिवस बाजूला ठेवते' म्हणून उशाशी ठेवलेलं पुस्तक बाजूला पडत नाही, ते रोज रात्री हजेरी घेतं. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यात पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. पेनाक स्वतः शाळेत शिकवत असत, तरीही न वाचणं त्यांनी सगळ्यात वर ठेवलं, हे मला फार आवडतं. २१२ पानं वाचली म्हणून उरलेल्या पानांचं देणं तुमच्या डोक्यावर बसत नाही. त्या पानांत जे मिळालं असेल ते मिळालं.

त्या जागी काय वाचायचं? बारीक पुस्तक. किंवा पूर्वी वाचलेलं आणि तेव्हा तहानभूक विसरायला लावलेलं. शेवट माहीत असलेलं पुस्तक दमलेल्या माणसाला फार सोयीचं पडतं, कुठेही उघडता येतं, कुठेही मिटता येतं. आणि शक्य असेल तर रात्री साडेनऊला नको. सकाळी सगळे उठायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, कुणाची वाट बघत बसलेलं असताना. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटं. ती मोजू मात्र नका.

आता गेम. काढून टाकायचे का असं तुम्ही विचारता, आणि दोन्ही गेम एकाच वाक्यात बसवता. ते एका जातीचे नाहीत.

बेटावरच्या गेमबद्दल तुम्ही पत्रात सगळ्यात जिवंत लिहिलंय. त्या म्हातारीच्या चिठ्ठ्या शोधता, आवडलेल्या वहीत उतरवून घेता. अहो, याला वाचनच म्हणतात! गेम आणि गोष्ट यांचं हे नातं काही आजचं नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात विल क्राउदर या प्रोग्रामरने संगणकावर गुहेतल्या भटकंतीचा एक गेम लिहिला. त्याला स्वतःला गुहा धुंडाळायचं वेड होतं. घटस्फोटानंतर दुरावलेल्या मुलींबरोबर खेळता यावं म्हणून त्याने तो केला. त्यात एकही चित्र नव्हतं. पडद्यावर गुहेचं वर्णन यायचं, ते वाचायचं आणि उत्तरेला जायचं की दिवा उचलायचा ते टाइप करायचं. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात भर घातली, आणि साहसी गेमची आख्खी परंपरा तिथून निघाली. तुमच्या बेटाचं कूळ थेट त्या गुहेपर्यंत जातं. वाचणाऱ्यांसाठीच केलेली करमणूक आहे ती.

शिवाय त्या गेमला शेवट आहे. कधीतरी दीपगृह लागेल किंवा कायमचं विझेल, आणि तुम्ही लॅपटॉप मिटाल. पुस्तक संपल्यावर जी हुरहुर लागते, तीच तिथेही लागेल.

फोनवरच्या गोट्यांना शेवट नाही. तो असू नये अशीच त्यांची रचना आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हे फार पूर्वी दिसलं होतं. चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद केल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर मात्र ते चोच मारतच राहतं, दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ. फोनवरचे असे बरेच गेम याच बेभरवशावर चालतात. एखादी लेव्हल सहज सुटते, पुढची एका चालीने हुकते. रोज उघडलं तर भेट, एक दिवस चुकला की साठवलेली मालिका तुटली. तुम्ही लिहिलंय की बेटावर 'खेळते', आणि गोट्यांबद्दल लिहिलंय की 'कधी उघडते कळत नाही'. फरक तुम्हीच टिपून ठेवलाय, मी फक्त बोट ठेवतेय.

तो गेम काढा. मजा वाईट असते म्हणून नव्हे. तुम्ही तो निवडत नाही म्हणून. छोटं काहीतरी हवंच असेल तर कड असलेलं शोधा. २०२१ मध्ये जॉश वॉर्डलने सगळ्यांसाठी खुलं केलेलं 'वर्डल' हे पाच अक्षरी शब्दाचं कोडं घ्या. दिवसाला एकच कोडं, जगभर सगळ्यांना तेच, सुटलं किंवा फसलं की उद्यापर्यंत कुलूप. तिथेही मालिका मोजतातच, पण निदान पाच-दहा मिनिटांत दार बंद होतं. शब्दकोडं, सुडोकू, बुद्धिबळाचा एक डाव, काहीही चालेल, फक्त 'संपलं' असं त्याने स्वतःहून म्हणायला हवं.

(बुद्धिबळावरून आठवलं. १८५९ मध्ये, युरोपातल्या मातब्बरांना हरवून पॉल मॉर्फी अमेरिकेत परतला तेव्हा तिथे या खेळाची लाट आली, आणि 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाने तक्रार केली, की हा हलक्या प्रतीचा विरंगुळा माणसाचा मोलाचा वेळ लुटतो. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हाच आळ कादंबऱ्यांवर होता. बायका आणि तरुण पोरं वाचण्याच्या व्यसनापायी वाया चालली आहेत, असं भल्याभल्यांनी लिहून ठेवलंय. तुम्ही तेव्हा असतात तर पान २१२ लपवून वाचलं असतंत. आणि एव्हाना संपलंही असतं.)

गेमचं खरंखुरं व्यसन असतं, ते नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली, ती २०२२ पासून लागू झाली, आणि त्यात गेमिंगच्या विकाराला जागा दिली आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टी त्याच्यामागे ढकलल्या जाणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं किंवा ते वाढतच जाणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर, इतकं की घर, काम, नाती यांना धक्का लागावा. कुणी वाचणारा यात स्वतःला ओळखत असेल तर सल्ला सदराच्या भरवशावर राहू नये, डॉक्टरांकडे जावं. तुमच्या पत्रात नोकरी आहे, औषधांच्या वेळा आहेत, मैत्रिणी आहेत, भांडीही घासून होतात. साडेअकराची झोप तेवढी सुधारा, आणि गोट्या गेल्या की ती आपोआप सुधारेल असं मला वाटतं.

ऐकलेलं पुस्तक धरायचं. मन भरकटलं तर मागे जाऊन पुन्हा ऐकायचं, तसं तर वाचतानाही आपण परिच्छेद पुन्हा वाचतोच. पुढे.

नवऱ्याचं वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण "तुला कोण विचारतंय" हा प्रश्न चांगला आहे. खरंच, कोण विचारतंय? घरातलं कुणीही नाही. विचारणाऱ्या चार जणी आहेत, आणि त्यांनीही अजून विचारलेलं नाही. तुम्ही आधीच उत्तर तयार करून धास्तावून बसला आहात.

या वाचनगटाकडे जरा बघा. वर्षाला किती पुस्तकं झाली याचा आकडा ठेवायचं वेड आता सगळीकडेच आहे. 'गुडरीड्स' या वाचकांच्या संकेतस्थळाने २०११ मध्ये वर्षाचं लक्ष्य ठरवण्याची सोय दिली, आणि त्या आधीही वह्यांत याद्या होत्याच. नोंद ठेवायला माझी हरकत नाही, मीही ठेवते. पण नोंदीचा गुणफलक झाला, की मग कुणाचे ६०, कुणाचे चार, वर्षअखेरीला बारीक पुस्तकं उरकून भरती करायची, जाड पुस्तक घ्यायचं नाही कारण आकडा अडतो. गुण, लक्ष्य, चढाओढ, मालिका. तुम्ही गेम खेळता याची ज्यांच्यापुढे लाज वाटते, त्या मंडळींनी वाचनाचाच गेम करून टाकलाय, आणि तोही गोट्यांच्या जातीचा, कारण त्याला शेवट नाही! या वर्षी ६० झाली की पुढच्या वर्षी ६५.

त्या साठवाल्या मैत्रिणीवर राग नको. तिला खरोखर तेवढं वाचायला जमत असेल, वेळ असेल, भूक असेल. पण तुमची चार आणि तिची ६० यांची वजाबाकी करून काही निघत नाही. तुमच्या चारांतलं एकही पुस्तक कोणतं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, हे लक्षात आलं का? पान क्रमांक सांगितलात, आकडे सांगितलेत, वेळा सांगितल्यात. नाव नाही, माणूस नाही, एक प्रसंग नाही. तो सगळा जीव तुम्ही दीपगृहाच्या म्हातारीवर खर्च केलात, कंसात, आणि वर 'हसू नका' म्हणालात.

मी अजून वाचक आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर त्या कंसात आहे. काल्पनिक म्हातारीने काल्पनिक बेटावर लिहिलेल्या चिठ्ठ्या ज्या बाईला हाताने उतरवून घ्याव्याशा वाटतात, तिला हा प्रश्न पडायला नको होता.

गटाची पुढची भेट होईल तेव्हा कुणी आकडा विचारला तर 'चार' म्हणा, त्यातली दोन ऐकलेली हेही सांगा, आणि कुणी काही बोलायच्या आत वही काढून एक चिठ्ठी वाचून दाखवा. कुठल्या पुस्तकातली, असं विचारतीलच. मग गेमचं सांगा. एखादी नाक मुरडेल, तिला मुरडू द्या. एखादी भेट संपल्यावर हळूच विचारेल, हा गेम कुठे मिळतो म्हणून. माझा अंदाज आहे की तीही रात्री काहीतरी खेळत असणार. आणि साठवालीला एवढंच विचारा, साठांतलं कोणतं पुन्हा वाचावंसं वाटतंय? तिने नाव घेतलं, तर ते पुस्तक तिच्याकडून मागून घ्या. फक्त घेताना जाडी बघून घ्या.

तुमची,
ताई